सुई कुणाच्या हाती?

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी फुटबॉलमधील पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा नामवंत खेळाडू टी. जे. वॉट याच्या फुप्फुसाला इजा होऊन त्याला शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. ही इजा मैदानावरील धडकेने झालेली नव्हती. संघाच्याच केंद्रात 'ड्राय नीडलिंग' हा उपचार घेताना सुई फुप्फुसात घुसल्याचे त्याच्या भावाने जाहीर केले. २०१३ मध्ये टोरिन येटर-वॉलेस या स्कीपटूवरही बरगडीजवळच्या दुखण्यावर सुई घेताना असाच प्रसंग ओढवला होता. अशा घटना विरळच. मात्र हाच उपचार मुंबई-पुण्यातील फिजिओथेरपी केंद्रांतूनही दिला जातो, आणि ही सुई टोचण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे आपल्या कायद्याने अद्याप स्पष्ट शब्दांत सांगितलेले नाही.

उपचार दिसायला साधा आहे. तासन्‌तास संगणकापुढे मान वाकवून बसणाऱ्यांच्या मानेत, खांद्यात, पाठीत स्नायूंचे ताठर पट्टे तयार होतात. त्यांत बोटाला जाणवणारी, दाबताच कळ उठणारी जागा म्हणजे 'ट्रिगर पॉइंट'. तेथे केसासारखी बारीक, भरीव सुई टोचली की स्नायू क्षणभर उडी मारतो आणि मग सैल पडतो, असे उपचारकर्ते सांगतात. सुईतून कोणतेही औषध सोडले जात नाही, म्हणून तो 'ड्राय', म्हणजे कोरडा.

या कोरडेपणाला इतिहास आहे. 'ट्रिगर पॉइंट' ही कल्पना रूढ केली ती डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी. पुढे त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झाल्या. त्या या जागी औषधाचे इंजेक्शन देत असत. १९७९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील डॉ. कारेल लेविट यांनी असे मांडले की, वेदना शमते ती बहुतांशी सुईनेच. औषध त्यात दुय्यम आहे. त्यांनी नोंदवलेल्या उपचारांपैकी जवळजवळ ८७ टक्के ठिकाणी सुई नेमकी लागताच वेदना थांबली होती. हा आकडा आजही जाहिरातींना उपयोगी पडेल असाच आहे. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे जाहिरातीत कोणी लिहिणार नाही.

त्यानंतरच्या संशोधनाने उत्साहाला बराच लगाम घातला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यानुसार, फिजिओथेरपिस्टने केलेल्या ड्राय नीडलिंगने बारा आठवड्यांपर्यंत वेदना कमी होते. पण त्यामागचा पुरावा अतिशय दुबळा ते मध्यम दर्जाचा असून, दीर्घकालीन लाभाचा पुरावा मिळत नाही. मुळात ट्रिगर पॉइंट बोटांनी खात्रीने शोधता येतो का, येथपासूनच मतभेद आहेत. २००९ मधील एका आढाव्याने अशा तपासणीच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह लावले होते. शिवाय खोटी गोळी देता येते, तशी खोटी सुई सहज टोचता येत नाही. आपल्याला सुई टोचली आहे हे रुग्णाला कळतेच, आणि त्याची अपेक्षाही वेदनेवर परिणाम करते. तेव्हा हा उपचार भोंदूपणा नव्हे, पण रामबाणही नव्हे. व्यायाम आणि बसण्याच्या सवयीतील बदल यांच्या जोडीला, थोड्या दिवसांचा आराम मिळवून देणारे ते एक साधन आहे.

सुईपासून धोका किती? आयर्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३९ फिजिओथेरपिस्टच्या ७,६२९ उपचारांत किरकोळ त्रासाच्या घटना १९ टक्के होत्या. रक्त येणे, काळेनिळे पडणे, दुखणे असे त्यांचे स्वरूप होते. गंभीर घटना एकही घडली नाही. २०२० च्या अमेरिकी पाहणीत २०,४९४ उपचारांमागे २० गंभीर घटना नोंदल्या गेल्या, म्हणजे सुमारे १,०२४ उपचारांमागे एक. प्रमाण अल्पच. मात्र या नोंदी उपचारकर्त्यांनीच दिलेल्या आहेत, आणि त्यांनी सुईचे प्रशिक्षण घेतलेले होते. मान आणि खांद्यामधल्या ज्या स्नायूवर शहरी रुग्ण सर्वाधिक बोट ठेवतो, त्याच्या खालीच फुप्फुसाचे टोक असते. सडपातळ माणसात हे अंतर फारच थोडे. सुई तेथवर गेली तर छातीच्या पोकळीत हवा शिरते, आणि धाप व छातीतली कळ काही वेळा घरी पोचल्यावर सुरू होते. तिचा संबंध दुपारच्या सुईशी जोडण्याइतकी माहिती रुग्णाला कोणी दिलेली असते काय?

येथे कायद्याकडे पाहावे लागते. २०२१ च्या केंद्रीय सहयोगी आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याने फिजिओथेरपिस्टची व्याख्या केली. त्यात व्यायाम, सांध्यांची हालचाल, विद्युत आणि उष्णतेची साधने यांचा उल्लेख आहे, सुईचा नाही. पण ही यादी 'यांसह' अशा शब्दाने दिलेली असल्याने ती संपूर्ण समजायची की उदाहरणादाखल, हा वाद उरतो. दुसरीकडे, महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि केंद्रानेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. (सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेले डॉ. बसू यांनीच पुढे ही विद्या भारतात आणली.) सुई तीच, बहुतेक वेळा जागाही तीच, एक नाव चिनी परंपरेचे, दुसरे स्नायुशास्त्राचे. अमेरिकेत हाच प्रश्न न्यायालयात गेला तेव्हा २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील न्यायालयाने तो फिजिओथेरपिस्टच्या विरोधात सोडवला, तर २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये घेतलेली भूमिका अधिक व्यवहारी होती: सुई टोचणाऱ्या बिगरडॉक्टरांना किमान ॲक्युपंक्चरच्या तोडीचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असावे.

आपल्याकडे चर्चा भलत्याच वळणावर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी नावामागे 'डॉ.' लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. त्यावरून दोन्ही बाजूंच्या संघटना हिरिरीने भांडल्या, प्रकरण न्यायालयातही गेले. उपाधीसाठी इतकी शक्ती खर्च होत असताना, सुई टोचण्यापूर्वी किती तासांचे प्रात्यक्षिक हवे, छातीच्या भागावर सुई वापरण्यास वेगळी परवानगी असावी का, गंभीर इजेची नोंद कोणी कोठे करावी, हे प्रश्न मागेच राहिले. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत मिळालेले प्रमाणपत्र आणि रीतसर पदव्युत्तर प्रशिक्षण यांतला फरक भिंतीवरच्या चौकटीत रुग्णाला दिसत नाही.

राज्यातील फिजिओथेरपी परिषदेला २००२ च्या कायद्याचा आधार आहे, ॲक्युपंक्चर परिषदही आहे. दोघांनी एकत्र बसून प्रशिक्षणाचे किमान तास आणि मराठीतील संमतिपत्राचा नमुना ठरवायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. त्या नमुन्यात फुप्फुसाच्या इजेचा उल्लेख असावा, आणि धाप लागल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे हे ठळक अक्षरांत लिहिलेले असावे.