चार महिन्यांतून एकच इंजेक्शन? बातमीतलं हायड्रोजेल आणि तुमच्या घरातली एसआर गोळी

"डॉक्टर, मधुमेहाचं चार महिन्यांतून एकदाच घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणे. मग रोज गोळ्या कशाला?" मोबाईलवर आलेली बातमी दाखवत पेशंट विचारतात. काहींनी तर त्या आशेवर गोळ्या कमीही केलेल्या असतात. म्हणून आधी बातमी नीट पाहू.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये सेमाग्लुटाइडसारखी औषधं हायड्रोजेलमध्ये मिसळून कातडीखाली टोचली. एका इंजेक्शनचा परिणाम ४२ दिवस टिकला, पण तो मधुमेह असलेल्या उंदरांमध्ये. माणसांत तो चार महिने टिकेल, हा संशोधकांचा अंदाज आहे. हे इंजेक्शन मेडिकलमध्ये मिळत नाही.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं बारीक जाळं. सब्जा भिजवल्यावर बीभोवती जो बुळबुळीत थर येतो, तसंच काहीसं. औषध या जाळ्यात अडकतं आणि हळूहळू बाहेर पडतं. कल्पना चांगलीच आहे. माझी शंका वेगळी आहे. या औषधांनी काहींना मळमळ, उलट्या होतात. आठवड्याच्या इंजेक्शनचा त्रास झाला तर पुढचा डोस थांबवता येतो. चार महिन्यांचा साठा आत गेल्यावर काय करायचं, हे माणसांवरच्या चाचण्यांतच कळेल.

मात्र हायड्रोजेल कदाचित आजही तुमच्या घरात असेल. मेटफॉर्मिनच्या पट्टीवर 'एसआर', 'एक्सआर' किंवा 'ईआर' लिहिलंय का पाहा. अशा बऱ्याच गोळ्यांमध्ये हायप्रोमेलोज नावाचा पदार्थ असतो. पोटातल्या पाण्याने तो फुगतो, त्याचं जेल होतं आणि औषध काही तास झिरपत राहतं. म्हणून ही गोळी जेवणासोबत, अख्खी गिळायची.

घोळ इथेच होतो. आजींना गिळता येत नाही म्हणून सून गोळी कुटून वरणात कालवते. हेतू चांगला, पण कुटल्यावर ते जाळंच उरत नाही आणि दिवसभराचं औषध एकदम सुटतं. मेटफॉर्मिनने मळमळ, जुलाब होतात. ब्लडप्रेशरची निफेडिपिनची रिटार्ड गोळी कुटली तर प्रेशर अचानक खूप उतरू शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. नाकातून नळी घातलेली असेल तर विशेष सांभाळा.

उलट, कधी शौचात गोळीच्या आकाराचा मऊ गोळा दिसतो आणि घरचे घाबरतात: औषध लागलंच नाही! तसं नसतं. औषध आत शोषलं गेलेलं असतं, बाहेर पडतो तो रिकामा सांगाडा. दुसरी गोळी देऊ नका.

काही एसआर गोळ्या मधल्या रेषेवर अर्ध्या करता येतात, काही अजिबात नाही. नुसतं बघून ते ओळखता येत नाही. गिळायला त्रास असेल तर पट्टी घेऊन डॉक्टरांकडे या. मेटफॉर्मिनसारखी काही औषधं साध्या गोळीच्या किंवा पातळ स्वरूपातही मिळतात. फक्त तेव्हा डोस आणि वेळा बदलतात, त्या स्वतःच्या मनाने ठरवू नका.