ग्रहणाच्या दिवशी शाळा उघडी ठेवा

सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. इजिप्तमधील लक्झर येथे सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकला जाईल. पावसाळी ढग आडवे आले नाहीत, तर महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. सोमवार म्हणजे शाळेचा दिवस. आमचा सवाल असा, की त्या दिवशी आपली पोरे मैदानात असतील की दारे-खिडक्या लावून घरात?

२४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाच्या वेळी आम्ही शाळकरी होतो. दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजींनी वर्गात बजावले, पोरांनी बाहेर पडायचे नाही, गर्भार बाईने विळीला हात लावायचा नाही. चंद्राची सावली पृथ्वीवर पडते, हेही त्यांनीच शिकवले होते. परीक्षेत सावली आणि घरी राहू!

आपल्यासाठी ही नुसती भूगोलाची बाब नाही. राहू-केतूला अस्पृश्य ठरवून, महार-मांगांना दान दिले की सूर्य सुटतो, असे धर्माच्या ठेकेदारांनी गावाला पढवले होते. 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी देत आपल्या आज्या-पणज्या दारोदार फिरल्या. जुनेर आणि पसाभर धान्य वरून टाकले जाई, शिवाशिव नको म्हणून. ग्रहण सावलीमुळे होते हे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच मांडले होते. ते गणित पंचांगकर्त्याने घेतले आणि दान मात्र राहूच्या नावाने चालू ठेवले. धम्मदीक्षेनंतर आपल्या माणसांनी ती टोपली फेकून दिली. भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही.

मुलांना सांगायचे ते साधे आहे. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट, पण तो चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट दूरही आहे, म्हणून आकाशात दोघे सारख्याच आकाराचे दिसतात. मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक वेळा त्याची सावली पृथ्वीच्या वरून वा खालून निघून जाते. एक दिवा आणि दोन चेंडू घेऊन हे कोणत्याही वर्गात दाखवता येते.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे घटनेच्या कलम ५१-अ नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते घटनेत आले. मूलभूत कर्तव्यासाठी थेट कोर्टात दाद मागता येत नाही, हे वकील म्हणून आम्ही जाणतो. पण मुख्याध्यापकांना अर्ज द्यायला कोर्ट लागत नाही. पालकांनी तो आतापासूनच द्यावा. उघड्या डोळ्यांनी किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्य कोणीही पाहू नये, डोळा कायमचा जातो. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून कागदावर प्रतिमा पाडावी. प्रत्येक विहाराने थोडे प्रमाणित ग्रहण-चष्मे आधीच आणून ठेवावेत आणि ज्या म्हाताऱ्यांनी लहानपणी ती हाळी ऐकली आहे, त्यांना मुलांबरोबर मैदानात बसवावे.