कात्रजचा घाट

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा गाडीवान पूर्वी कात्रजच्या पायथ्याशी बैलांना विसावा देई. हल्ली मोटार नव्या बोगद्यातून काही मिनिटांत पलीकडे जाते आणि वाटेत घाट होता, हे प्रवाशाच्या ध्यानीही येत नाही.

सिंहगडापासून पूर्वेस भुलेश्वराकडे गेलेल्या डोंगररांगेत हा घाट आहे. येथे उत्तरेस पडलेला पाऊस आंबील ओढ्याने मुठेस मिळतो. दक्षिणेस पडलेला शिवगंगेतून गुंजवणीस व पुढे नीरेस जातो. अखेर दोन्ही पाणी भीमेतच एकत्र येते, पण केवढा वळसा घालून!

१६६३ साली शाहिस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज परतले, तेव्हा या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूस चकविले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, डोंगराची खडान्‌खडा माहिती असलेल्यांनाच अशी युक्ती सुचावी. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला व जमिनीखालील दगडी नळाने त्याचे पाणी पुण्याच्या हौदांत आणले. ना यंत्र, ना इंधन. केवळ उताराच्या बळावर पाणी शहरात आले. वाटेत हवा खेळावी म्हणून उच्छ्वास ठेवले होते. त्या कारागिरांनी डोंगराचा कल आधी ओळखला आणि मग कामास हात घातला.

हा क्रम पुढे सुटला. शहर घाटाच्या पायथ्याशी येऊन भिडले. वाढत्या शहरास घरे हवीत, रस्ते हवेत, हे कोणीही मान्य करील. बोगद्यालाही दोष देण्याचे कारण नाही. तो डोंगराच्या पोटातून गेला. खरा अपराध उतार कापून सपाट करणाऱ्यांचा व ओढ्याच्या पात्रात भराव घालणाऱ्यांचा आहे. टेकडी कापली की पाणी नाहीसे होत नाही. ते नवी वाट शोधते. जून २०१३ मध्ये घाटाच्या दक्षिणेस शिंदेवाडीजवळ अशाच पाण्याच्या लोंढ्यात महामार्गावरील एक माता व तिची लहान मुलगी वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री घाटाच्या उत्तरेस आंबील ओढ्याला पूर आला. ज्या उताराने पेशव्यांच्या काळी पुण्याची तहान भागविली, त्याच उताराने येऊन पाणी काठच्या घरांत शिरले व झोपेत असलेली माणसे जीव मुठीत धरून छपरांवर चढली. सर्वांनाच ते साधले नाही.