छत्री तीच, डबा नवा

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत टीव्हीला पहिल्यापासून डोंगर आडवा. १९७३ साली सिंहगडावर दूरदर्शनचं केंद्र झालं, पण आमच्या अंगाला चित्रापेक्षा मुंग्याच जास्त. बांबूला अँटेना बांधायचा, एकानं कौलावर चढून तो फिरवायचा आणि दुसऱ्यानं आतून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!"

हा डोंगर मोडला छत्रीनं. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा सुरू झाली, खासगी कंपन्याही आल्या. आग्नेयेकडं तोंड करून छत्री गोठ्याच्या भिंतीवर बसली आणि रस्ता न पोचलेल्या वाडीतही स्वच्छ चित्र आलं. (वेल्ह्याचा आषाढ सोडून. तेव्हा ढगच काय ते बघायचे.) म्हणून मला कुणी तंत्रज्ञानाचा वैरी म्हणू नये.

माझं भांडण पुढचं आहे. जुने डबे एमपेग-२ पद्धतीचे. मग एमपेग-४ आलं. त्यात चित्र जास्त दाबून पाठवतात, त्यामुळं उपग्रहाच्या तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त वाहिन्या बसतात. जुन्या डब्याला ही भाषा कळत नाही. टीव्ही धड, छत्री धड, वायर धड, डबाही चालू. तरी काल दिसणारी वाहिनी आज काळी. वर पाटी, डबा बदला म्हणून, आणि तीही इंग्रजीत.

आता हिशेब करा. जागा वाचली कुणाची? पाठवणाऱ्याची. वाढीव वाहिन्यांचे पैसे कुणाला? त्यालाच. मग डब्याचा भुर्दंड बघणाऱ्याला का? शहरात कुणाला फुकट बदलून मिळाला असेलही. आमच्याकडं आलेल्या माणसानं डब्याचे वेगळे, येण्याजाण्याचे वेगळे आणि छत्री फिरवल्याचे वेगळे पैसे घेतले. छत्रीला त्यानं हातही लावला नव्हता. आत्या म्हणाली, "जुन्याचं काय देतोस, बाबा?" तो नुसता हसला. भंगारवाला निदान वजन तरी करतो!

पुण्याची पाहुणेमंडळी सांगतात, "टीव्ही कशाला? मोबाइलवर बघा." गुंजवणीच्या खोऱ्यात जरा आत शिरा, मग रेंजचं बोलू. शिवाय वाडीत राहिलंय कोण? तरणी पोरं पुण्या-मुंबईला नाहीतर शिरवळच्या कंपन्यांत. मागं सत्तरीची माणसं. त्यांना सह्याद्रीच्या बातम्या, पावसाचा अंदाज, आषाढीची पंढरपूरची महापूजा एवढंच बघायचं असतं. त्यांनी कधी शंभर वाहिन्या मागितल्या नव्हत्या.

पद्धत बदलायची तर खुशाल बदला. पण आधी वर्षभर मराठीत सांगा, डबा पदरचा द्या, जुना मोजून न्या आणि शेवटच्या घरात नवा बसेस्तोवर जुनं बंद करू नका. कारण २०२२ पर्यंत दूरदर्शननं जमिनीवरची जुनी केंद्रंही बहुतेक बंद करून टाकली. आता कौलावर चढून बांबू कितीही फिरवला, तरी आतून "आलं" म्हणायला काही येणार नाही.