डिझेलची बादली

मे महिन्यात महाड तालुक्यातल्या शिवथरच्या रस्त्यावर डांबराचं काम निघालं की संध्याकाळी ओढ्यावर काय चाललंय ते मला जाऊन बघावं लागत नाही. वासावरूनच कळतं. फावडी, घमेली, दंताळी, धुम्मस सगळं कातळावर पसरलेलं आणि मधोमध डिझेलची बादली. चिंध्या बुडवायच्या, घासायचं, उरलेला काळा राडा तिथेच ओतायचा, वर दोन बादल्या पाणी मारायचं आणि टेम्पोत बसायचं. सव्वीस वर्षं मी डांबराच्या कामावर काढली, आधी हजेरीवर, मग मुकादम म्हणून. ती बादली मी स्वतः भरून दिलेली आहे. त्याची लाज वाटते, म्हणून आज गप्प बसणार नाही.

ठेकेदाराचं ठरलेलं उत्तर असतं: डांबर एकदा बसलं की डिझेलशिवाय निघत नाही. धादांत खोटं आहे हे. रस्त्याचं डांबर पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि आपण खडी-डांबराचा माल अंथरतो तेव्हा तो दीडशेच्या घरात असतो. शेवटचा डंपर रिकामा झाला त्या घटकेला फावड्यावरचं डांबर पट्टीने खरवडलं तरी सुटतं. मग खडीच्या कोरड्या कचीत फावडं चार-पाच वेळा खुपसायचं, गोणपाटाने पुसायचं, आणि सकाळी कामाला लागण्यापूर्वी साबणाच्या पाण्याचा हात द्यायचा. एका अवजाराला दोन मिनिटं. वीस अवजारं, चार माणसं, दहा मिनिटं. ही दहा मिनिटं कोणी देत नाही, कारण ती कुठल्याच दरात बसवलेली नसतात. शेवटचा डंपर उशिरा येतो, अंधार पडायला लागतो, आणि अवजारं तशीच ढिगात पडतात. त्याच संध्याकाळी ओढ्यावर नेली नाहीत, तर सकाळी दगड झालेली सापडतात. दोन्ही वेळा डिझेल.

आणि दगड झाली तरी काय बिघडलं? पहाटेच्या गारव्यात डांबर कडक असतं. छिन्नी लावून हातोडीचा ठोका दिला की त्याच्या कपच्या उडतात. त्या गोळा करून पिंपात टाका, डांबराच्या प्लँटवर परत न्या. डांबर पुन्हा तापवून वापरता येतं. घट्ट डांबर पाण्यात विरघळत नाही, जिथे पडेल तिथेच राहतं, हाताने उचलता येतं. डिझेल ओतलं की ते पातळ होतं आणि वाहायला लागतं. उचलता येणारी घाण आपण स्वतःचे पैसे खर्चून न उचलता येणारी करतो. याच्याइतका मूर्खपणा मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेला नाही.

ते वाहून कुठे जातं? मे महिन्यात ओढ्याला धार नसते, नुसती डबकी असतात. तेल कातळाच्या खाचांत, वाळूत, मुळांत बसून राहतं. जूनचा पहिला लोंढा आला की ते उठतं. नेमक्या त्याच दिवसांत वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्यात चढतात. चढणीला मासे आणि उतरणीला डिझेल, दोघांची गाठ एकाच पाण्यात पडते. पुढे हेच पाणी सावित्रीला मिळतं, महाडवरून बाणकोटच्या खाडीत जातं. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यावर बोलायला तालुक्यातले सगळे पुढे असतात, आणि बोललंच पाहिजे. पण वरच्या अंगाला, जिथे पाणी अजून कोणी नासवलेलं नाही, तिथे आपलीच माणसं बादली ओततात तेव्हा कोणाचं तोंड उघडत नाही. समर्थ रामदासांच्या घळीकडे येणाऱ्यांची सोय म्हणून रस्ता करायचा आणि त्याच खोऱ्याच्या पाण्यात रस्त्याची घाण सोडायची, ही कुठली भक्ती?

रस्त्याचं तरी भलं होतं का? तेही नाही. काम चालू असताना फावडं डिझेलमध्ये बुडवून मालात घालतात, आणि थेंब ताज्या थरावर पडतात. डांबर विरघळवणारं तेल डांबराच्याच थरात गेल्यावर खडी धरून कोण ठेवणार? माल अंथरणाऱ्या पेव्हरचं तर विचारू नका. रात्री माल आत आळतो, सकाळी स्क्रीडवर आणि मळसूत्रावर डिझेल मारून मशीन सोडवतात, आणि तेल निथळायच्या आत माल सोडतात. दिवसाच्या सुरुवातीच्या सांध्याजवळ खडी सुटलेली दिसली तर पावसाला दोष देण्याआधी हे आठवा. खालच्या थरावर डांबराचं पातळ इमल्शन मारायच्या झारीचीही तीच गत. इमल्शन तपकिरी आहे तोवर साध्या पाण्याने धुतलं जातं, काळं पडलं की संपलं. न धुतलेल्या झारीची भोकं बुजतात, फवारा पट्ट्यापट्ट्यांनी पडतो, मधल्या कोरड्या जागी वरचा थर चिकटत नाही. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी ठेकेदाराची असते. तरीही दहा मिनिटं नाहीत.

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत अभियंत्याच्या संमतीने डंपरच्या हौद्याला डिझेलचा पातळ हात द्यायची मुभा पूर्वी लिहिलेली होती, हे मला माहीत आहे. ठेकेदार अजून तिचाच दाखला देतात. पातळ हात आणि बादली यांत फरक आहे. आणि ती मुभा हौद्याची होती, ओढ्याची नव्हे. जल प्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. नाल्यात घाण सोडायला त्यात बंदी आहे, आणि ओढा नाल्यापेक्षा कमी नाही.

सगळ्यात जास्त संताप येतो तो हातांसाठी. या कामावर बहुतेक विजापूर-कलबुर्गीकडची लमाणी कुटुंबं असतात. बायका डोक्यावरून गरम माल वाहतात आणि संध्याकाळी अवजारांबरोबर स्वतःचे हातही त्याच बादलीत धुतात. एका मावशीला मी एकदा म्हटलं, "मावशी, डिझेल नका लावू, कातडं जाईल." ती म्हणाली, "मुकादम, साबण द्या ना मग. पोराला घ्यायचंय मला, हे हात घेऊन कशी घेऊ?" माझ्याकडे साबण नव्हता. कामाच्या सामानाच्या यादीत डिझेल होतं, साबण नव्हता. डिझेल कातडीतलं तेल ओढून घेतं, भेगा पाडतं, आणि त्या भेगांतून डांबर आत उतरतं. डांबराच्या धुरात रस्त्याचं काम करणं कर्करोगाला कारण ठरू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवून ठेवलं आहे. हातावरचं थंड झालेलं डांबर गोडेतेल चोळून, जरा थांबून, साबणाने निघतं. पळीभर तेल आणि एक वडी. १९२७ साली ज्या महाडात माणसं पाण्याच्या हक्कासाठी तळ्यावर गेली, त्या तालुक्यात कामकरी बाईला हात धुवायला स्वच्छ पाणी आणि साबण मिळत नाही.

१ मेच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. आमच्या हद्दीत डांबराचं काम करणाऱ्याने अवजारं प्लँटवर किंवा कामाच्या जागी पिंपावर साफ करावीत, खरवडलेला माल परत न्यावा, ओढ्यापासून शंभर फुटांच्या आत डिझेलची बादली आणू नये, मजुरांसाठी गोडेतेल, साबण आणि पाण्याची टाकी ठेवावी, आणि शाखा अभियंत्याने हे पाहून सही केल्याशिवाय ग्रामपंचायतीने काम झाल्याचा दाखला देऊ नये. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदनाची जागा अजून रिकामी आहे.