देव येथे आधीच आला असेल तर

परमेश्वराने कोणत्याही जनसमूहाला आपल्या साक्षीवाचून ठेवले नाही, हा ख्रिस्ती श्रद्धेतील मोठा उदार विचार होय. अथेन्स नगरीत पौलाने ‘अज्ञात देवा’च्या वेदीवरूनच उपदेशास आरंभ केला, तो याच भावनेने. आमचा वाद या विचाराशी नाही. तो अर्ध्यावर सोडणाऱ्यांशी आहे.

रायपूरकरांना उदाहरणासाठी दूर जावयास नको. १८६८ मध्ये ऑस्कर लोर हे मिशनरी येथे आले. सतनामी मूर्ती पूजीत नाहीत, एका निराकार सतनामाचे स्मरण करितात, हे ऐकून त्यांना वाटले, भूमी नांगरलेलीच आहे, आता केवळ पेरावयाचे! त्यांनी बिश्रामपूर वसविले. पण ज्याची आशा धरली होती, तो समाजच्या समाज काही आला नाही. जे थोडे आले त्यांच्या श्रद्धेला आम्ही उणे लेखीत नाही. परंतु इतरांनी का यावे? गुरू घासीदासांना सत्याचे नाव लाभले ते देवाकडूनच, असे मानले, तर ती नुसती मशागत कशी? ते पीकच नव्हे काय? (आमच्या सवर्ण बंधूंनी येथे हसू नये. तो शब्द त्यांच्या वेशीबाहेर घुमत होता, आणि त्यांनीही तो ऐकला नाही.)

मराठी वाचकाला निराळे उदाहरणही ठाऊक आहे, आणि तेही याच लोहमार्गावरचे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांच्या हाती एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते म्हणत. प्रचारकांना ही उपमा सोयीची आहे, कारण पूल ओलांडला की त्याकडे पाठ फिरविता येते. टिळकांनी ती फिरविली नाही. ख्रिस्ताला त्यांनी अभंगांत गाइले, कीर्तनात उभे केले; १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेविली. पुलावरून दोन्हीकडे ये-जा करणारा असा माणूस विरळा.

देव सर्वांना भेटला असे जे शिकवितात, त्यांनी घासीदासांकडून आजवर काय घेतले? गिरौदपुरी रायपूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे. तेथे सांगावयास नव्हे, केवळ ऐकावयास किती उपदेशक गेले, हे त्यांनीच सांगावे.