जुने कपडे द्या, पण निवडायलाही बसा



थंडीत आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. नाताळही तोंडावर असतो. मग मंडळ्या आणि तरुण संघ जुने कपडे गोळा करून उटनूर, नारनूरकडच्या गुड्या-तांड्यांवर वाटतात. हेतू चांगलाच आहे. पण गेल्या नाताळात आमच्याकडची गाठोडी सोडली, तर आत चेन तुटलेल्या पँटी, एकेकटे मोजे, डाग पडलेली पोलकी! बोहारणीनं भांड्यावर जे घेतलं नसतं, ते आम्ही दान म्हणून बांधलं होतं.

कपडे द्यायला आता जागा कमी नाहीत. मे 2023 मध्ये स्वच्छ भारत अभियानात शहरोशहरी 'आरआरआर' केंद्रं उघडली. तिथे जुने कपडे, बूट, पुस्तकं, खेळणी घेण्याची सोय केली गेली. महाराष्ट्रात कित्येक गावांत 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. अडतं ते मधल्या कामाला. निवडणं, धुणं, बटण लावणं, मापं लावून ठेवणं, याला माणसं लागतात आणि नेमकी तीच मिळत नाहीत.

इंग्लंडात ऑक्सफॅमनं 1948 मध्ये ऑक्सफर्ड शहरात जुन्या वस्तूंचं दुकान उघडलं. पुढे अशी शेकडो दुकानं झाली. ती चालतात मुख्यतः आठवड्यातले काही तास बिनपगारी देणाऱ्या माणसांवर. माल दानाचा, किंमत थोडी, आलेला पैसा सेवाकार्याला.

कोणी म्हणेल, गरिबाकडून पैसे कशाला घ्यायचे? फुकटाच्या रांगेत हाती पडेल ते घ्यावं लागतं. दुकानात दहा रुपये देणारी बाई साडी उलगडून बघते, रंग नको म्हणते, दुसरी मागते. हा नकार देण्याचा हक्क मोठा आहे. आणि दहा रुपयेही नसतील तर? 1999 मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज' संस्थेनं वेगळी वाट काढली. गावकरी मिळून रस्ता किंवा विहिरीचं काम करतात आणि मोबदल्यात कपडे घेतात. त्यात घेणाऱ्याची मान खाली जात नाही. आग लागली, पूर आला, तर मात्र फुकटच द्यावं. तिथे हिशेब नको.

आपला जिल्हा कापसाचा. सुती चिंधीची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून सुचवतो: मंडळीची एक खोली घ्यावी, महिन्यातले दोन शनिवार ठरवावेत. चारपाच जणांनी बसून तीन ढीग करावेत, एक घालण्याजोग्यांचा, दुसरा शिवून नीट होणाऱ्यांचा, तिसरा गोधडीसाठी. एखादी भगिनी शिलाई मशीन घेऊन आली तर दुसरा ढीग लवकर कमी होईल. विक्रीचा हिशेब फळ्यावर लिहावा. आणि घेणाऱ्यांचे फोटो काढू नयेत.

यापोची टबीथा आठवते ना? तिच्या मरणानंतर विधवांनी पेत्राला दाखवले ते तिनं स्वतः शिवलेले कपडे. तिनं आधी आपला वेळ दिला होता. आपण मात्र कपाट रिकामं करतो आणि त्यालाच सेवा म्हणतो. येत्या नाताळाआधी गाठोड्याबरोबर दोन तासही आणू या.

एक वाचक,
बेला मंडल, जि. आदिलाबाद